मंडईचा फोटो निळा झाला

आमच्या घरात दिवसाची सुरुवात बाबांच्या तळहाताच्या आवाजाने होई. ओट्यावर बसून ते डाव्या तळव्यावर तंबाखू घेत, डबीतला चुना उजव्या अंगठ्याने उचलत, बराच वेळ मळत, आणि मग दुसऱ्या हाताने थाप मारून धूळ उडवत. ती थाप ऐकली की आत माय चुलीवरचं आंधण उतरवायची. बाबांच्या उजव्या अंगठ्याचं टोक कायम पांढरं असे. अंघोळीनंतरसुद्धा नखाच्या कडेला चुना राहायचाच. त्यांनी माझा गाल ओढला की मागे एक पांढरी बारीक रेघ उरायची आणि माय ती पदराने पुसत म्हणायची, "पोरीले भिंत समजता का जी? चुना लावून राह्यले."

सिंदेवाहीच्या अलीकडे आमचं गाव. एका बाजूला मोठा तलाव, दुसऱ्या बाजूला धानाची बांधी, आणि त्यांच्या पलीकडे जंगल. बाबा धानाच्या गिरणीत काट्यावर होते. येणाऱ्या प्रत्येक बैलबंडीचं वजन त्यांच्या हातून व्हायचं. त्यांचा काटा खरा, असं चारही गावांत म्हणत. कोणी शेतकरी वजनावरून कुरकुरला की दुसरा म्हणायचा, "अरे, काट्यावर कोन आहे ते तं पाह्य." हे मी लहानपणी इतक्यांदा ऐकलं की बाबा बोलतील ते वजन करूनच बोलतात, असा माझा ठाम समज होता. पुढे मी शाळेत मुलांना गणित शिकवलं आणि घर चालवलं. दुकानातून आलेली साखर मी अजूनही घरच्या तराजूत घालून पाहते. मुलगी हसते. तिला मी कारण कधी सांगितलं नाही, ते इथे लिहिते आहे.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. मंडईच्या दिवशी सकाळपासून घरात लाखोळीच्या डाळीच्या वड्यांचा वास असे. तलावातले शिंगाडे उकडून टोपलीत काढलेले असत, पाहुणे येत, आणि दुपारनंतर सगळे नवे कपडे घालून मैदानाकडे निघत. तिथे जिलबीच्या कढया, बांगडीवाल्या, एका कोपऱ्यात दंडारीच्या नाचगाण्याची ढोलकी, आणि ज्या वर्षीचं मी सांगते आहे त्या वर्षी पहिल्यांदाच चांद्याहून आलेला फोटोवाला. नाव नारायणभाऊ. त्याने दोन बांबूंना पडदा बांधला होता. पडद्यावर महाल, कारंजं आणि दोन हंस रंगवलेले होते. वारा आला की कारंजं पोटातून फुगायचं.

फोटो काढायचा हट्ट मायचा होता. बाबा म्हणाले, "कायले पाह्यजे? आपन रोज दिसतोच एकमेकाले."

"तुमी दिसता मले. मी कुठी दिसते मले? आरशात नाकाच्या खालचं पाहाव तं डोये नाई दिसत, एवढासा आरसा." माय एवढं बोलली आणि सरळ पडद्यासमोर जाऊन उभी राहिली. मग बाबांना जावंच लागलं.

नारायणभाऊने बाबांना खुर्चीवर बसवलं आणि माझ्या धाकट्या भावाला, बाळ्याला, त्यांच्या मांडीवर. मी खुर्चीच्या बाजूला, फुग्याच्या बाह्यांच्या नव्या फ्रॉकमध्ये. माय माझ्या मागे. मी सारखी हंसांकडे वळून पाहत होते. नारायणभाऊ काळ्या कापडातून डोकं काढून ओरडला, "बाई, पोट्टीले धरून ठेवा जी, हालून राह्यली." तेव्हा मायने मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बोटांनी घट्ट दाबला. तिच्या डाव्या हाताची करंगळी धान कापताना विळ्याखाली आली होती आणि जखम भरल्यावर वाकडी राहिली होती. ती वाकडी करंगळी मला हाडावर वेगळी कळली. त्यानंतर मी हलले नाही.

पुढच्या पावसाळ्यात माय तापाने गेली. त्याबद्दल मला जे आठवतं ते थोडं आहे आणि ते मला कुणाला द्यायचं नाही. नंतर बाबांची मोठी बहीण, आमची आत्या, घर सांभाळायला आली. तिच्या हातची भाजी मायच्या भाजीपेक्षा चांगली होती, हे मला तेव्हाही कळत होतं आणि त्याचा रागही येत होता.

फोटो पुठ्ठ्यावर चिकटवलेला होता, काच नव्हती. तो देवाच्या कोनाड्याशेजारी दुसऱ्या कोनाड्यात उभा असे. शाळेला जाताना मी त्याला सांगून जायची आणि आल्यावर काय झालं ते सांगायची. हळूहळू तो पिवळा पडायला लागला. आधी पडदा, मग बाबांचं धोतर, मग पिवळेपणा मायच्या गालाकडे सरकला. मी घाबरले. एकदा गिरणीच्या मालकाच्या बैठकीत मी एक फोटो पाहिला होता. त्यात जिथे काळं असायला हवं तिथे गडद निळं होतं, आणि पांढरं इतकं स्वच्छ की नुकतं धुऊन वाळत घातल्यासारखं. पाहिला की डोळ्यांना गार वाटायचं. बाबा म्हणाले, तो नारायणभाऊनेच केलेला, चांद्याला त्याचं दुकान आहे. मी मागे लागले. मायचा फोटो तसा करून आणा. बरेच दिवस ते हो-नाही म्हणत राहिले. मग एका सकाळी थाप मारून झाल्यावर आपणहून म्हणाले, "चाल. तुही माय अशी दिसन पाह्य, का आत्ताच न्हाऊन आली."

हे वाक्य मी शब्दशः लिहिते आहे, कारण ते त्यांनी स्वतः उच्चारलं.

छोट्या रेल्वेगाडीने आम्ही चांद्याला गेलो. नारायणभाऊने मला लगेच ओळखलं. "हालनारी पोट्टी!" म्हणाला. दुकानामागच्या अंगणात त्याचं काम चाललं होतं. जमिनीवर पसरट बश्या मांडलेल्या होत्या. एका काळ्या-पांढऱ्या फोटोला त्याने पाण्यात भिजवलं, मग दोन बाटल्यांतली औषधं एका बशीत मिसळली आणि फोटो त्यात सोडून बशी हळूहळू हलवू लागला. मी उकिडवी बसून पाहत होते. आधी काही झालं नाही. मग कुणा अनोळखी बाईच्या केसांतून निळा रंग वर यायला लागला, मग भुवयांतून, मग लुगड्याच्या काठातून. पांढऱ्या भागावर मात्र पिवळट झाक आली. मी म्हटलं, "हा तर आणखी पिवळा झाला."

"थांब ना बाई, लय घाई तुले. आता धुवाचा आहे." त्याने फोटो दुसऱ्या पाण्यात टाकला. पिवळं सुटत गेलं आणि पांढरं उघडं पडलं. ते पाणी विहिरीचं नव्हतं. पावसाचं, रांजणात साठवलेलं, आणि त्यात त्याने लिंबू पिळलं होतं. इथल्या विहिरींचं पाणी जड, त्यात निळा उतरून जातो, असं त्याने सांगितलं. सोड्याने, साबणाने, चुन्याने, सगळ्यानेच उतरतो. "निया रंग लय नाजूक. आंबट चालते त्याले, खारं नाई चालत."

मग बाबांनी मला आत नारायणभाऊच्या बायकोकडे चहाला पाठवलं. तिने बशीत चहा आणि गरम भजी दिली. मी खाऊन बाहेर आले तेव्हा दोघं बोलायचे थांबले. आमचा फोटो मेजावर पालथा पडला होता. मी तो सरळ करून ठेवला. नारायणभाऊने माझ्याकडे पाहिलं आणि मग बाबांकडे. तेव्हा मला त्यात काही दिसलं नाही. बाबा तंबाखू मळत होते.

फोटो आणायला बाबा एकटे गेले. त्या दिवशी मी शाळेतून पळत आले. आत्याने कोनाडा पुसून ठेवला होता. बाबांनी कागद उघडला. पडदा इतका स्वच्छ होता की हंसांची पिसं मोजता आली असती. कारंजं खरंच गार वाटत होतं. बाबा होते, बाळ्या होता, मी होते. माझ्या मागे एका उंच स्टुलावर फुलझाडाची कुंडी होती.

मी कागदाच्या आत पाहिलं. वाटलं, दुसरा फोटो असेल.

"वाळवी लागली होती," बाबा म्हणाले. "पुठ्ठ्याच्या मांगून. दुकानात पडून होता तेवढ्यात तेवढा भाग खाऊन टाकला. नारायणभाऊ म्हने, भोक ठेवन्यापेक्षा कुंडी काढतो." मग लगेच म्हणाले, "अन चुना लागू देजो नोका त्याले. भिंतीले टेकवाचा नाई. निया उतरते म्हने."

मी विश्वास ठेवला. वाळवी आमच्याकडे सगळंच खाते. दाराची चौकट खाते, शाळेचा फळा खाते. वाळवीने नेमकी मायच का खाल्ली, असं मी रडत विचारलं, पण ते वाळवीला विचारलं होतं, बाबांना नाही. आत्या माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. ती त्या दिवशी एकही शब्द बोलली नाही. आत्या गप्प राहणारी बाई नव्हती, हे मी नोंदवायला हवं होतं.

त्या उन्हाळ्यात बाबांनी दुसरं लग्न केलं. ती ब्रह्मपुरीकडची. आम्हाला तिला मावशी म्हणायला सांगितलं. मी तिचा दुस्वास करायची तयारी करून बसले होते, पण तिने मला फारशी संधी दिली नाही. ती आल्या दिवशीच बाळ्याच्या पायातला काटा काढून मोकळी झाली. तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात चांदीचा छोटा टाक होता. आमच्याकडे रीत आहे की पहिली बायको वारलेल्या माणसाशी जी लग्न करते, तिने सवतीच्या नावाचा टाक गळ्यात घालायचा, सणाला आधी तिला नैवेद्य दाखवायचा आणि मग आपण जेवायचं. नाहीतर पहिली छळते म्हणतात. बहुतेक बायका तो भीतीने घालतात. मावशीने तिसऱ्या-चौथ्या दिवशी मला बाजूला घेऊन विचारलं, "तुह्या मायचा फोटो कुठी आहे ओ? टाक गळ्यात हाये, पन तोंड नाई पाह्यलं मी. नैवेद्य दाखवू तं कोनाले दाखवू?"

मी तिला वाळवीचं सांगितलं. ती चुकचुकली. फोटो हातात घेऊन कुंडीकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाप्पा, बरोबर तेवढंच खाल्लं."

मग पुन्हा मंडई आली. तेच मैदान, तीच दंडार, आणि नारायणभाऊचा तोच पडदा, फक्त एक हंस उसवला होता. मावशीने नवीन लुगडं नेसलं होतं. बाबा आम्हाला जिलबी घेऊन देत होते. मी पळत नारायणभाऊकडे गेले. मला एकच विचारायचं होतं. वाळवीने खाऊन उरलेला तुकडा त्याच्याकडे असेल का? मायचा कान, पदर, काहीही.

"कोनती वाळवी?" तो काळं कापड झटकत म्हणाला. "चांगला होता ना तो फोटो. पिवया पडला होता, बाकी साबूत. तुह्या बाबानंच म्हनलं, बाई काढून टाका, अन निया करून द्या म्हंजे खाडाखोड दिसनार नाई. लय मेहनत लागली त्याले. आधी पात्यानं खरवडला, मग ब्रशानं कुंडी काढली, मग त्याचा फोटो घेतला, मग..." त्याने मान वर केली. माझ्यामागे बाबा आणि मावशी येऊन उभे होते. तो म्हणाला, "या ना जी, बसा," आणि खुर्ची पुसू लागला.

बाबांच्या हातात जिलबीचा द्रोण होता. पाक त्यांच्या मनगटावरून ओघळत होता.

"खरवडलेला कुठी आहे?" मी विचारलं.

बाबा म्हणाले, "घरी चाल."

"कुठी आहे?"

"वैनगंगेत सोडला." मग मावशीकडे न पाहता म्हणाले, "एका घरात दोघी नसाव्या. बाईनं सांगतलं होतं." बाई म्हणजे आत्या. "हिले तरास होऊ नये म्हनून केलं मी."

मावशी मंडईत मोठ्याने बोलणारी नव्हती. पण त्या दिवशी आजूबाजूच्या बांगडीवाल्यांनी वळून पाहिलं. "मले तरास? मी तिले गयात घालून हिंडून राह्यली, अन माह्या नावानं तुमी तिले खरवडलं? मले इचारलं होतं काय? माह्या बापानं म्हनलं होतं, का माह्या भावानं?"

"नाई," बाबा म्हणाले. ते खोटं बोलले नाहीत. आता बोलण्याचा उपयोगही नव्हता.

आम्ही बंडीतून घरी आलो. वाटेत बाळ्याने सगळी जिलबी खाल्ली. मला जे वाटत होतं त्याला त्या वयात नाव नव्हतं. आता आहे, पण ते नाव लावूनही ते कमी होत नाही. माय मेली तेव्हा मी कुणाकडे बोट दाखवू शकले नव्हते. आता ती दुसऱ्यांदा गेली, ती माझ्याच हट्टापायी चांद्याला नेल्यामुळे गेली, आणि जो माणूस तिला घेऊन गेला त्याचा काटा चार गावांत खरा होता. त्याने मला दुकानात सोबत नेलं होतं. मला निळा रंग वर येताना पाहू दिला होता. "आत्ताच न्हाऊन आली" हे वाक्य बोलताना त्याला ठाऊक होतं का, की गाडीत बसल्यावर ठरलं? हा प्रश्न मी त्यांना कधीच विचारला नाही. उत्तर काहीही आलं असतं तरी मला ते घरच्या तराजूत घालून पाहावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीने फोटो कोनाड्यातून काढला आणि दाराच्या उजेडात नेला. मी दळण निवडत होते. तिने तो डोळ्यांजवळ धरून तिरका केला. मग म्हणाली, "इकडं ये वं. तुह्या या फ्राकले झालर होती काय?"

"नाही."

"मंग हे खांद्यावर काय आहे?"

फुग्याच्या बाहीच्या वर, निळ्याशार सावलीत, चार लहान फिकट पट्ट्या होत्या. मी इतके महिने त्यांना फ्रॉकची चुणी समजत होते. शेवटची पट्टी इतरांपासून फाकलेली, वाकडी होती. मी विळ्याचं सांगितलं. मावशीने आपली करंगळी तशी वाकवून माझ्या खांद्यावर ठेवून पाहिली, आणि मग झटकन काढून घेतली. नारायणभाऊच्या पात्याला ती बोटं दिसली नाहीत, की काढली तर माझा खांदा जाईल म्हणून त्याने सोडली, मला माहीत नाही. मावशीने त्या दिवशी वडा आणि भात आधी फोटोपुढे ठेवला. मग रोज एक फूल ठेवायला लागली, कुंडीपुढे नाही, माझ्या खांद्यापुढे. बाबा ओट्यावरून बघत. त्यांनी मना केलं नाही. आत्या मात्र त्याच महिन्यात आपल्या मुलाकडे राहायला गेली.

माझं बाबांशी बोलणं बंद झालं नाही. घरात राहून ते बंद करता येत नाही. मी पाणी दिलं, ताट वाढलं, परीक्षेचे गुण सांगितले. फक्त ते एखादी गोष्ट सांगू लागले की मी मनातल्या मनात पुढे विचारायची, वाळवीनं किती खाल्लं? ही सवय लग्नानंतरही गेली नाही. माझ्या नवऱ्याने ती विनाकारण सोसली.

बाबा म्हातारे होऊन गेले. तेराव्यानंतर मी मावशीकडे तो फोटो मागितला. तिने तो जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून ठेवला होता. देताना म्हणाली, "पाह्यशील तं रागावू नोको." मी उघडला. पडदा, कारंजं, हंस, सगळं अजून निळं आणि स्वच्छ होतं, पहिल्या दिवशी होतं तसंच. माझ्या खांद्यावर मात्र एक पिवळट पांढरा डाग होता, लांबट गोल. त्यात बाही गेली होती, बोटं गेली होती, वाकडी करंगळी गेली होती. तिथे आता काही नव्हतं.

"तुमी पोरं शाळेत गेले का त्यायचं सुरू होत जाय," मावशी म्हणाली. "कोनाड्यापुढं उभं राह्याचं अन अंगठा फिरवाचा. कितीक वर्सं. मी पाह्यत होती आतून."

"चुना लागू द्यायचा नाही, हे त्यांनीच आणताना सांगितलं होतं."

"हो ना, त्यायनंच सांगतलं होतं."

"मग तू थांबवलं का नाही?"

"त्याले कसं थांबवाचं वं?" ती म्हणाली. "मानूस रडत नोता कधी. तेवढंच करत होता."

मावशीच्या मते ते प्रेम होतं. असेलही. तिने ते आतून पाहिलं, मी पाहिलं नाही. पण ज्या माणसाला चुन्याने निळा उतरतो हे माहीत होतं, तो वर्षानुवर्षं चुन्याचाच अंगठा घेऊन तिथे उभा राहिला. बाकी फोटोवर कुठेही डाग नाही. त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्यावर नाही, कुंडीवर नाही. पहिल्यांदा त्यांनी दुसऱ्याच्या पात्याने तिला काढलं. उरली होती ती स्वतःच्या हाताने काढली. माझ्या हाती जे आलं ते एवढंच आहे, आणि मी ते दोन्ही पारड्यांत घालून पाहिलं आहे.

फोटो माझ्या कपाटात आहे. मुलीला मी तो एकदा दाखवला तेव्हा तिने विचारलं, "आई, यात आजी कुठे आहे?" मी तिला डाग दाखवला. त्या फोटोत माय नाही. बाबांचा अंगठा आहे.